विश्लेषण : भूतानमधील जुनी गाडी भारतात ‘कायदेशीर’ कशी होते? आरसी बुक असूनही गाडी जप्त का होऊ शकते?

परदेशात विकत घेतलेली जुनी गाडी भारतात आणून नोंदवण्याचा मार्ग नियमांत आहे, पण तो इतका अरुंद आणि महाग आहे की फार थोड्या गाड्या त्यातून येतात. केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने केलेल्या ‘ऑपरेशन नुमखोर’ या कारवाईने या अरुंद दाराला असलेली मागची वाट उघड केली. अशा गाड्या दोन-तीन हात बदलून कोणत्याही राज्यात पोहोचू शकतात. म्हणून ‘बाहेरची गाडी, पण पेपर क्लिअर’ असे ऐकून सौदा करणाऱ्या महाराष्ट्रातील खरेदीदारानेही हे प्रकरण समजून घ्यायला हवे.

‘ऑपरेशन नुमखोर’ म्हणजे काय?

भूतानच्या जोंगखा भाषेत ‘नुमखोर’ म्हणजे वाहन. २३ सप्टेंबर २०२५ रोजी कोची येथील सीमाशुल्क (प्रतिबंधात्मक) आयुक्तालयाने केरळमध्ये सुमारे ३० ठिकाणी छापे घातले आणि पहिल्याच दिवशी ३६ गाड्या ताब्यात घेतल्या. छाप्यांच्या ठिकाणांमध्ये मल्याळम चित्रपटसृष्टीतील आघाडीच्या अभिनेत्यांची घरेही होती. त्यामुळे प्रकरण देशभर गाजले.

सीमाशुल्क आयुक्त टी. टिजू यांनी दिलेल्या माहितीनुसार, भूतानमध्ये लष्कराने आणि इतरांनी वापरातून काढलेल्या जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन त्या भारतात आणल्या गेल्या. पुढे बनावट कागदपत्रांवर त्यांची हिमाचल प्रदेशासह अन्य राज्यांत नोंदणी झाली आणि मग त्या चढ्या भावाने विकल्या गेल्या. केरळमध्येच अशा दीडशे ते दोनशे गाड्या असाव्यात, असा विभागाचा अंदाज आहे. ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयानेही परकीय चलन कायद्याच्या अंगाने छापे घातले.

हे सगळे अजून आरोपांच्या पातळीवर आहे. एका अभिनेत्याने, आपली गाडी रीतसर आयात झालेली होती आणि आपण ती कागदपत्रे पाहून सद्हेतूने घेतली, अशी भूमिका घेत केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने गाडी तात्पुरती सोडण्याच्या अर्जावर विचार करण्यास सीमाशुल्क विभागाला सांगितले. गाडीचा आजचा मालक आणि ती आणणारा माणूस वेगवेगळे असू शकतात, हा या प्रकरणातील सर्वांत कळीचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

परदेशातील जुनी गाडी भारतात आणता येते का?

येते, पण अटींवर. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणात जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र अटी आहेत. गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. स्टिअरिंग उजव्या बाजूला हवे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. आयातीनंतर किमान पाच वर्षे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि तिची देखभाल देशात होऊ शकेल, याची हमी आयातदाराने द्यायची असते.

चाचणीही दोनदा. जहाजावर चढण्यापूर्वी, गाडी भारतीय मोटार वाहन नियमांत बसते असे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि भारतात उतरल्यावर अधिकृत चाचणी संस्थेकडून पुन्हा तपासून घ्यायचे. या कामासाठी अधिसूचित संस्थांमध्ये पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन म्हणजे ‘एआरएआय’ आणि अहिल्यानगरची ‘व्हीआरडीई’ यांची नावे आहेत.

सर्वांत महत्त्वाची अट प्रवेशाच्या ठिकाणाची. नव्या गाड्या अनेक बंदरांतून येऊ शकतात. जुनी गाडी मात्र फक्त मुंबई बंदरातून आणता येते.

भूतानमार्गे आलेल्या गाड्यांचा प्रश्न या दोन अटींपाशीच निकाली निघतो. भूतानच्या फुन्तशोलिंग आणि पश्चिम बंगालच्या जयगाव या शहरांमध्ये सीमा आहे ती जेमतेम एका कमानीची. तिथून गाडी चालवत आणणे सोपे, पण ते मुंबई बंदर नव्हे. शिवाय जप्त गाड्यांमध्ये जास्त चर्चा झाली ती जुन्या लँड क्रूझर, लँड रोव्हर आणि निसान पेट्रोल या दणकट गाड्यांची. तीन वर्षांची मर्यादा ओलांडलेली अशी गाडी कितीही शुल्क भरायची तयारी असली तरी नेहमीच्या मार्गाने आयात करता येत नाही. म्हणजे हा केवळ करचुकवेगिरीचा विषय नाही. कर भरूनही ज्या गाडीला परवानगी मिळाली नसती, ती गाडी रस्त्यावर आली कशी, हा प्रश्न आहे.

रीतसर आणायची तर खर्च किती?

२०२५-२६च्या अर्थसंकल्पानंतर जुन्या मोटारींवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, असे मिळून १३७.५ टक्के आकारले जातात. त्यावर वस्तू व सेवा कर. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या मोटारींवर तो ४० टक्के आहे आणि आयात गाडीच्या बाबतीत तो मूळ किमतीवर नव्हे, तर किंमत अधिक सीमाशुल्क या बेरजेवर लागतो.

समजा, जहाजभाडे आणि विमा धरून गाडीची किंमत २० लाख रुपये ठरली. त्यावर १३७.५ टक्के म्हणजे २७.५ लाख. बेरीज ४७.५ लाख. त्यावर ४० टक्के म्हणजे १९ लाख. बंदरातून बाहेर पडेपर्यंत २० लाखांची गाडी ६६.५ लाखांना पडते. चाचणी, बंदरातील शुल्क आणि दलालाचा मेहनताना यात धरलेला नाही.

यात ‘२० लाख’ हा आकडाही आपण ठरवत नाही. विक्रेत्याच्या पावतीवर कमी रक्कम लिहून आणली, तरी सीमाशुल्क अधिकारी ती नाकारून स्वतः मूल्य ठरवू शकतात.

त्यानंतर राज्याचा वाहन कर. महाराष्ट्रात महागड्या गाड्यांसाठी या एकरकमी कराची कमाल मर्यादा २०२५मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. रीतसर मार्गाचा हा भार आणि सीमेपलीकडे भंगाराच्या भावात मिळणारी गाडी, यांतील तफावत हाच या धंद्याचा नफा.

आरटीओमध्ये आयात गाडीची नोंदणी कशी होते?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ३९नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४७ नोंदणीच्या अर्जासोबत काय जोडायचे ते सांगतो : नमुना २०मधील अर्ज, विमा, गाडी रस्त्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा. आयात गाडी असेल, तर सीमाशुल्क विभागाने ती मोकळी केल्याचे प्रमाणपत्रही. व्यवहारात यासाठी ‘बिल ऑफ एंट्री’ म्हणजे आयातीचे घोषणापत्र आणि शुल्क भरल्याची पावती पाहिली जाते. निरीक्षक गाडी समोर उभी करून इंजिन व चेसिस क्रमांक कागदांशी ताडून पाहतो.

नियम म्हणून ही रचना भक्कम आहे. पण ती एकदाच काम करते, पहिल्या नोंदणीच्या वेळी. त्यानंतर गाडी विकली गेली, तर आरटीओ पाहते ते आरसी, विमा, पीयूसी, विक्रीचे अर्ज आणि कर. गाडी परराज्यात गेली, तर कलम ४८नुसार ना हरकत प्रमाणपत्र. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली, तर कलम ४७नुसार नवा क्रमांक. सीमाशुल्काचा कागद या पुढच्या टप्प्यांवर पुन्हा कोणी मागत नाही.

मग या गाड्यांना नंबर मिळाला कसा?

सीमाशुल्क विभागाच्या म्हणण्यानुसार गाड्या तीन प्रकारे आल्या : सुटे भाग करून कंटेनरमधून, पर्यटकांच्या गाड्या म्हणून आणि सरळ सीमा ओलांडून चालवत. ‘बीपी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या भूतानी खासगी गाड्या जयगाव किंवा आसामच्या रस्त्यांवर नवलाईच्या नाहीत. दोन्ही देशांतील ये-जा मोकळी आहे आणि तशी असणे सीमेवरच्या लोकांच्या सोयीचेही आहे. अशा गर्दीत परत न जाणारी गाडी लक्षात येणे अवघड.

दुसरा टप्पा कागदांचा. भारतीय लष्कर, परदेशी दूतावास यांच्या नावाची बनावट पत्रे तयार करून गाडी त्यांनीच वापरातून काढल्याचे दाखवले गेले, असा विभागाचा आरोप आहे. ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. लष्कर किंवा दूतावासाने विकलेली जुनी गाडी खरोखरच असते. ती आधीच देशात असल्यामुळे तिच्यासाठी ‘मुंबई बंदर, तीन वर्षे’ हे प्रश्न तितक्या सहज उपस्थित होत नाहीत. म्हणजे गाडी ‘आयात’ म्हणून नव्हे, तर ‘देशातलीच जुनी’ म्हणून नोंदणीच्या रांगेत उभी केली जाते.

तिसरा टप्पा राज्य बदलण्याचा. एका राज्यात क्रमांक मिळाला, की ना हरकत प्रमाणपत्र घेऊन ती दुसऱ्या राज्यात जाते. तिथल्या आरटीओसमोर येते तेव्हा ती भारतात नोंदलेली गाडी असते. तिथे नवा क्रमांक मिळतो आणि मूळ खोटेपणा आणखी एक पाऊल मागे पडतो. काळ्या पैशाचे जसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवून पांढरे केले जाते, तसाच हा प्रकार. प्रत्येक कार्यालय आधीच्या कार्यालयाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवते.

अशी प्रकरणे यापूर्वी घडली आहेत का?

हो, आणि पद्धतीत साम्य आहे. जुलै २०२१मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने ‘ऑपरेशन मॉन्टे कार्लो’ केले. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना मिळणारी शुल्कमाफी वापरून त्यांच्या नावाने आलिशान गाड्या आणायच्या, मणिपूरमध्ये नोंदवायच्या आणि मग श्रीमंत ग्राहकांना विकायच्या, असा तो आरोप होता.

महाराष्ट्रालाही परराज्यातील नोंदणीच्या या खेळाचा अनुभव आहे. २०२४मध्ये नवी मुंबई पोलिसांच्या तपासात चोरीच्या अवजड गाड्यांना ईशान्येकडील राज्यांची नोंदणी दाखवून अमरावती आरटीओमध्ये पुन्हा नोंदवल्याचे आरोप पुढे आले आणि आरटीओ अधिकाऱ्यांना अटकही झाली. तिथे गाडी परदेशी नव्हती, चोरीची होती. पण दूरच्या राज्याचा क्रमांक हा पहिला मुखवटा आणि इथला क्रमांक हा दुसरा, ही रचना तीच.

तिसऱ्या खरेदीदाराचे काय होते?

सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी जोखीम इथे आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२च्या कलम १११नुसार बेकायदा आयात झालेला माल जप्तीस पात्र ठरतो. हा डाग मालाला लागतो, मालकाला नाही. म्हणून गाडी आज कोणाकडे आहे आणि त्याने किती प्रामाणिकपणे घेतली, यावर जप्तीचा अधिकार अवलंबून राहत नाही. वैयक्तिक दंडासाठी मात्र त्या माणसाला गैरप्रकाराची माहिती होती किंवा असायला हवी होती, हे पाहावे लागते.

जप्तीनंतर दोन वाटा असतात. कलम ११०अ अंतर्गत हमी आणि बंधपत्र देऊन गाडी तात्पुरती सोडवून घेता येते. अंतिम निर्णयात कलम १२५नुसार दंड भरून गाडी परत घेण्याचा पर्याय दिला जाऊ शकतो. पण या कलमात एक बारकावा आहे. माल ‘प्रतिबंधित’ नसेल, तर हा पर्याय द्यावाच लागतो. प्रतिबंधित असेल, तर तो द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या हाती असते. आणि आयातीच्या अटी न पाळता आलेला मालही कायद्याच्या व्याख्येत ‘प्रतिबंधित’ ठरतो. चार वर्षे जुनी असताना सीमेवरून आलेली गाडी नेमकी याच खणात पडते.

खरेदीदाराला दिलासा देणारी बाजूही आहे. परदेशातून आणलेल्या एका पोर्श गाडीच्या कोचीतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, नंतर गाडी विकत घेणारा माणूस ‘आयातदार’ ठरत नाही आणि त्यामुळे बुडवलेले शुल्क त्याच्याकडून वसूल करता येत नाही, असा निर्णय दिला. पण शुल्काची मागणी टळणे आणि गाडी हाती राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाडी सुटली तरी आरटीओचा प्रश्न उरतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५नुसार, खोट्या कागदांवर मिळवलेली नोंदणी सुनावणी देऊन रद्द करता येते. नोंदणी नाही म्हणजे रस्त्यावर चालवता येत नाही. आणि सीमाशुल्काचा खरा कागद नसल्यामुळे नव्याने नोंदणीही होत नाही. खरेदीदाराकडे उरतो तो विक्रेत्यावर फसवणुकीची तक्रार करण्याचा मार्ग. विक्रेत्यालाही ती कोणीतरी विकलेलीच असते.

परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना सवलत आहे का?

दुबई, लंडन किंवा सिंगापूरहून परतणारी अनेक मराठी कुटुंबे हा प्रश्न विचारतात. घरातील सामानाला मुक्काम बदलताना काही सवलती मिळतात, मग गाडीला का नाही? उत्तर कायद्याच्या व्याख्येतच आहे. सीमाशुल्क कायद्यानुसार ‘प्रवासी सामान’ या संज्ञेत मोटार वाहन येत नाही. सामानाच्या कंटेनरमध्ये गाडी घातली, तरी तिचा हिशेब वेगळा आणि शुल्क पूर्ण. दुबईहून येणाऱ्यांसाठी तर पहिलीच अडचण स्टिअरिंगची. तिथल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या असतात.

गाडी फक्त प्रवासापुरती आणायची असेल, तर ‘कार्नेट’ नावाची आंतरराष्ट्रीय हमी वापरता येते. युरोपातून गाडी चालवत भारतात येणारे प्रवासी याच कागदावर येतात. ती गाडी मुदतीत देशाबाहेर न्यावीच लागते. कार्नेटवर आलेली गाडी इथे विकणे किंवा कायमची नोंदवणे हा त्या हमीचा भंग ठरतो.

हौशी संग्राहकांसाठी मात्र २०२५मध्ये दार थोडे किलकिले झाले. पूर्वी १९५०च्या आधीच्या गाड्यांपुरती असलेली व्हिंटेज आयातीची मुभा आता किमान ५० वर्षे जुन्या गाड्यांना मिळाली. त्यांची ‘व्हीए’ मालिकेत स्वतंत्र नोंदणी होते आणि त्या रोजच्या वापरासाठी नसतात.

जुनी ‘इम्पोर्टेड’ गाडी घेताना काय तपासावे?

• बिल ऑफ एंट्री मागा. गाडी आयात असेल, तर हा कागद असतोच. त्यावरचा चेसिस क्रमांक, तारीख आणि बंदर पाहा. जुनी म्हणून आयात झालेली गाडी मुंबईखेरीज दुसरीकडून आली असेल, तर तिथेच थांबा.

• चेसिस क्रमांक वाचा. १७ अंकी-अक्षरी क्रमांकातील पहिली तीन अक्षरे उत्पादक सांगतात. ‘एमए३’ म्हणजे मारुती सुझुकी, ‘जेटी’ने सुरुवात म्हणजे जपानमधील टोयोटा, ‘एसएएल’ म्हणजे लँड रोव्हर. परदेशी सुरुवात हा गैरप्रकाराचा पुरावा नव्हे. पण मग ती भारतात कोणी आणि कधी आणली, याचे उत्तर कागदावर हवे.

• उत्पादन आणि पहिली नोंदणी यांतील अंतर पाहा. २००८ची गाडी भारतात प्रथम २०२०मध्ये नोंदली गेली असेल, तर मधल्या बारा वर्षांचा हिशेब विचारा.

• मालकांची साखळी तपासा. ‘परिवहन’ संकेतस्थळावर गाडीची नोंद दिसते. थोड्या काळात दोन-तीन राज्ये बदललेली गाडी, किंवा पहिला मालक म्हणून लष्कर वा दूतावास दाखवलेली गाडी असेल, तर विक्रीचे मूळ पत्र खरे आहे का, हे त्या कार्यालयाकडून लेखी तपासून घ्या.

• कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात क्रमांक दाखवा. ती गाडी मुळात कोणत्या देशासाठी बनली होती, हे अनेकदा तिथे कळते.

• पैसे बँकेतून द्या आणि विक्री करारात, आयात शुल्काचा वाद निघाल्यास जबाबदारी विक्रेत्याची, हे स्पष्ट लिहून घ्या.

फट नेमकी कुठे आहे?

केरळमधील प्रकरण वलयांकित नावांमुळे गाजले, पण प्रश्न अभिनेत्यांचा नाही. गाडी देशात आल्याचा पुरावा सीमाशुल्क विभागाकडे असतो आणि ती कोणाची आहे याची नोंद परिवहन विभागाकडे. दोन्ही नोंदी आता संगणकावर आहेत. परदेशी चेसिस क्रमांक असलेल्या कोणत्याही गाडीची पहिली नोंदणी करताना, अर्जदाराने आणलेल्या कागदावर न विसंबता सीमाशुल्काच्या नोंदीतूनच तो क्रमांक पडताळला गेला, तर बनावट पत्राला काही किंमतच उरणार नाही. लष्कर आणि दूतावासांच्या गाड्यांसाठीही हीच कसोटी लावता येईल, कारण त्यांची विक्रीही कुठेतरी नोंदलेली असते.

हा दुवा पक्का होत नाही तोवर तपास उलट्या दिशेने चालतो. आधी घरासमोरची गाडी उचलली जाते, मग तिचा मालक नोटिशींना उत्तरे देतो आणि शेवटी, सापडलाच तर, गाडी आणणारा सापडतो. आरसी बुक गाडी कोणाच्या नावावर आहे हे सांगते. ती देशात कशी आली, हे सांगण्याची जबाबदारी त्या पुस्तकावर कधीच टाकलेली नव्हती, हे लाखो रुपये मोजण्यापूर्वी लक्षात घेतलेले बरे.